गच्चीवरची काठी, छत्री आणि घरातला डबा

टीव्ही घ्यायचा ठरला की आपण दुकानात जातो आणि पडदा पाहतो. किती इंची आहे, चित्र कसे आहे, हप्ता किती बसेल, असे विचारतो. शिक्षक मित्रांकडून आम्हाला येणारे प्रश्नही साधारण याच वळणाचे असतात. शाळेसाठी कोणता संच घ्यावा? घरी कोणत्या कंपनीची डिश बसवावी? जुना टीव्ही आता टाकून द्यावा का? या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी थोडा इतिहास पाहावा, असे आम्हाला वाटते. कारण घरात कोणते उपकरण उपयोगी पडेल हे दुकानात ठरत नाही. लहर कुठून येते, कोणत्या रूपात येते आणि तिला कुलूप आहे की नाही, या तीन गोष्टींवर ते ठरते. ही गोष्ट शहरापेक्षा तालुक्याच्या गावात अधिक स्पष्ट दिसते. म्हणून उदाहरणासाठी आपण जाफराबाद घेऊ.

जाफराबाद हे केळना आणि पूर्णा या नद्यांच्या संगमाजवळचे गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना येथून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर, बुलढाणाही जवळजवळ तितकेच, आणि औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पलीकडचे म्हैसमाळचे पठार ८५ ते ९० किलोमीटर. टीव्हीच्या दृष्टीने हे अंतरच या गावाचे भाग्य ठरवणारे होते. ते कसे, ते पाहू.

काठीचे दिवस

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला चित्र दिसू लागले. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र आणखी काही वर्षे केवळ आकाशवाणीच होती. याचे कारण टीव्हीच्या लहरींच्या स्वभावात आहे.

रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परततात. म्हणून मुंबईचे गाणे रात्री मराठवाड्यातही ऐकू येई. टीव्हीच्या लहरींची वारंवारता पुष्कळ जास्त असते. त्या जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. पृथ्वी गोल असल्याने काही अंतरानंतर जमीन त्यांच्याखालून वळून जाते आणि लहर डोक्यावरून निघून जाते. म्हणून प्रक्षेपक उंचावर लागतो. सिंहगड किंवा म्हैसमाळ अशी ठिकाणे दूरदर्शनने निवडली ती याच कारणाने.

येथे एक सोपे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. उंची मीटरमध्ये घेतली तर लहर किती किलोमीटर पोहोचेल हे काढण्यासाठी उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणावे. प्रक्षेपकाचे टोक भोवतालच्या प्रदेशाहून ४०० मीटर उंच आहे असे धरू. ४०० चे वर्गमूळ २०, म्हणून पोहोच सुमारे ८२ किलोमीटर. मधे डोंगर नाही असे मानले तरी ८५–९० किलोमीटरवरच्या गावात ही लहर जमिनीवर पोहोचत नाही. आता माळवदावर काठी उभारून अँटेना ९ मीटर उंच नेला, तर त्याच्या उंचीचे वर्गमूळ ३. दोन्ही वर्गमुळांची बेरीज २३, आणि २३ गुणिले ४.१२ म्हणजे सुमारे ९५ किलोमीटर. केवळ ९ मीटरच्या काठीने १२ किलोमीटरचा फरक पडला! दूरच्या गावांत टीव्हीपेक्षा लोखंडी पाइपाची चर्चा जास्त का होत असे, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे.

काठीच्या टोकाला जो अॅल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना असे, त्याचा शोध १९२६ च्या सुमारास जपानमध्ये यागी आणि उदा या संशोधकांनी लावला. त्याच्या दांड्यांची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात. वारंवारता १८० मेगाहर्ट्झ असेल तर लहर १.६७ मीटर लांब, म्हणून दांडी सुमारे ८३ सेंटीमीटर. हा अँटेना एका दिशेची लहर चांगली पकडतो. म्हणूनच एक जण गच्चीवर अँटेना फिरवी, दुसरा खिडकीत उभा राही, आणि तिसरा संचासमोर बसून ओरडे, "आलं... आलं... थांब... गेलं!" चित्रात मुंग्या येत, आवाज खरखरे, पण काहीतरी दिसे. हे 'काहीतरी दिसणे' लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

उपग्रह आधी खेड्यात आला

डोंगरावर मनोरे बांधत बसण्यापेक्षा एकच मनोरा फार उंच उभारला तर? विक्रम साराभाई यांनी हा विचार १९६० च्या दशकातच मांडला होता. त्यातून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस–६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. या प्रयोगाचे व्यवस्थापन एकनाथ वसंत चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होते. खेड्यात बसवलेली छत्री सुमारे ३ मीटर व्यासाची आणि जाळीची होती, ती अहमदाबादच्या अभियंत्यांनी येथेच तयार केली होती.

साइटमध्ये महाराष्ट्र नव्हता. पण १९५६ पर्यंत मराठवाड्याबरोबर एकाच हैदराबाद राज्यात असलेले गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. म्हणजे सीमेपलीकडच्या खेड्यातील शेतकरी शाळेच्या ओट्यावर बसून उपग्रहावरचा कार्यक्रम पाहत होता, त्या वेळी मराठवाड्यातील बहुतेक गावांनी टीव्ही पाहिलेलाही नव्हता. उपग्रहापुढे जवळचे गाव आणि दूरचे गाव असा भेद उरत नाही, हा या प्रयोगाचा मोठा धडा होता.

तो धडा घरापर्यंत पोहोचायला मात्र जवळजवळ तीस वर्षे लागली. ३ मीटरची छत्री कोण घरावर बसवणार? ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट–१बी अवकाशात गेला, तेव्हा सरकारने मधला मार्ग काढला. उपग्रहाची लहर मोठ्या छत्रीने एका ठिकाणी घ्यायची आणि तेथून १०० वॅटच्या लहान प्रक्षेपकाने भोवतालच्या २०–२५ किलोमीटरमध्ये पसरवायची. १९८४ मध्ये काही महिने देशात सरासरी रोज एक असा प्रक्षेपक सुरू होत होता. जिल्ह्याच्या ठिकाणांना त्याचा लाभ झाला. जाफराबादसारखे गाव दोन शहरांच्या मधे, दोन्हींपासून ४० किलोमीटरवर. तेथे काठी उंचच ठेवावी लागणार आणि जोडीला बूस्टर घ्यावा लागणार हे उघड होते. रामायण मालिका २५ जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष चालली. ज्यांच्याकडे चित्र नीट येई त्या घरी रविवारी सकाळी सारी गल्ली जमत असे, हे त्या काळातील शिक्षकांना आठवत असेल.

याच दशकात औरंगाबादेत व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होऊ लागले. संच आता हाताशी होता. अडत होते ते लहरीपाशी.

मोठी छत्री आणि केबलवाला

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्धाच्या बातम्या उपग्रहावरून थेट दिसू लागल्या. त्याच वर्षी एशियासॅट–१ वरून स्टार टीव्ही आला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. या वाहिन्या 'सी' पट्ट्यात, म्हणजे ४ गिगाहर्ट्झच्या आसपास येत. तेथे लहर सुमारे साडेसात सेंटीमीटर लांब असते आणि त्या वेळच्या उपग्रहांची शक्तीही कमी होती, म्हणून छत्री आठ ते बारा फुटांची लागे. ती एकट्याने घेण्याजोगी नव्हती. मग गावात एकाने छत्री बसवली आणि विजेच्या खांबांवरून, झाडांवरून तारा ओढून घरोघर चित्र दिले. केबलवाला हा नवा व्यवसाय असा उभा राहिला.

उपकरणाच्या दृष्टीने केबल सोयीची होती. छत्री, यंत्रे, दुरुस्ती सारे केबलवाल्याकडे, घरात फक्त टीव्ही. पण तार जेथे संपे तेथे टीव्हीही संपे. वस्तीपासून दूर शेतात राहणारा, वाडीतला किंवा तांड्यावरचा माणूस याही वेळी मागेच राहिला. १५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली, तीच पुढे सह्याद्री या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठी कार्यक्रम उपग्रहावर आले होते, मात्र ते घेण्याचे साधन सामान्य घराच्या आवाक्यात नव्हते.

चित्राचे आकडे झाले

छत्री लहान होण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली म्हणजे अधिक शक्तीचे उपग्रह आणि 'केयू' पट्टा. येथे वारंवारता ११–१२ गिगाहर्ट्झ आणि लहर अवघी अडीच सेंटीमीटर असते. लहर आखूड झाली की तितक्याच प्रमाणात लहान छत्री तीच दिशा साधू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे चित्राचे आकड्यांत रूपांतर, म्हणजेच डिजिटल तंत्र.

साध्या टीव्हीचे एक चित्र म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके. सेकंदाला अशी २५ चित्रे. प्रत्येक ठिपक्याला सरासरी १६ बिट धरले तर सेकंदाला सुमारे १६ कोटी ६० लाख बिट होतात. एवढे पाठवणे परवडणारे नाही. पण चित्रात पुनरावृत्ती फार असते. बातम्या वाचणाऱ्याच्या मागची भिंत प्रत्येक चित्रात तीच असते, मग ती दर वेळी कशाला पाठवायची? शिवाय डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळता येतात. हे गाळण्याचे गणित १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी प्रसिद्ध केले. नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. आजच्या बहुतेक डिजिटल चित्रांच्या मुळाशी हेच गणित किंवा त्याची सुधारित रूपे आहेत. १९९४ मध्ये एमपेग–२ हे मानक तयार झाले आणि चित्र सेकंदाला तीस–चाळीस लाख बिटांत, म्हणजे मूळच्या चाळीस–पन्नासाव्या भागात, बसू लागले. उपग्रहाच्या ज्या एका मार्गावरून पूर्वी एक वाहिनी जाई, त्यावरून आता दहा आणि त्याहून अधिक वाहिन्या जाऊ लागल्या.

आकड्यांचा दुसरा लाभ म्हणजे चूक दुरुस्त करता येते. दूरध्वनीवर आपण एखाद्याला "पासष्ट" सांगतो आणि लगेच "सहा–पाच" असे जोडतो. पलीकडच्याने 'सदुसष्ट' ऐकले असेल तर त्याला चूक कळते आणि ती सुधारताही येते. डिजिटल प्रसारणातही मुद्दाम अशी जोडमाहिती पाठवतात. त्यामुळे थोडीफार खरखर असली तरी चित्र स्वच्छ दिसते.

पण या दुरुस्तीला मर्यादा आहे. चुका त्या मर्यादेपलीकडे गेल्या की चित्राचे चौकोन होतात आणि लगेच पडदा कोरा पडतो. जुन्या टीव्हीत लहर क्षीण झाली की मुंग्या वाढत, तरी कथा कळत असे. डिजिटलमध्ये एक तर पूर्ण चित्र दिसते, नाही तर काहीच दिसत नाही. पावसाळ्यात केयू पट्ट्याची लहर जोराच्या सरींत शोषली जाते, आणि ऐन रंगात आलेला सामना अचानक थांबतो, त्याचे कारण हे. छत्री थोडी मोठी आणि नेमकी बसवली तर सर येईपर्यंत हाताशी शिल्लक राहते. ती हलली असेल तर उन्हाळ्यात चित्र ठीक दिसते आणि पहिल्याच पावसात दोष उघडा पडतो.

घरोघर छत्री

भारतात घरपोच उपग्रह सेवा, म्हणजे डीटीएच, ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्हीने सुरू केली. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुरू झाली. तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. एकदा छत्री आणि डबा घ्यायचा, मग महिन्याचे काही देणे नाही. जेथे प्रक्षेपकाची लहर पोहोचत नव्हती त्या भागासाठी नवे मनोरे बांधण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त होता. हीच सेवा पुढे 'डीडी फ्री डिश' झाली.

२००६ मध्ये टाटा स्काय, २००८ मध्ये एअरटेल, २००९ मध्ये व्हिडिओकॉन डी२एच अशा खासगी सेवाही आल्या. (डी२एच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली.) साइटच्या ३ मीटरच्या जाळीऐवजी आता ६० सेंटीमीटरची पत्र्याची छत्री होती. जाफराबाद आणि मुंबई, गाव आणि वाडी, टेकडीवरचे घर आणि नदीकाठचे घर या सर्वांना सारखीच लहर मिळू लागली. तीस वर्षे दूरचे असलेले गाव एका छत्रीने जवळचे झाले.

छत्री कुठे पाहते?

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, पृथ्वीबरोबरच फिरत असतात. म्हणून ते आकाशात स्थिर भासतात. फ्री डिशचे प्रसारण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून होते. जाफराबादचे अक्षांश सुमारे २०.२ आणि रेखांश ७६ धरून गणित केले तर हा उपग्रह दक्षिणेपासून पूर्वेकडे ४२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश उंचीवर येतो. टाटाची सेवा ८३ अंशांवरून होते, तेथे छत्री दक्षिणेपासून २० अंश पूर्वेकडे लागते. एअरटेलच्या १०८ अंशांसाठी ती ६१ अंश पूर्वेकडे वळवावी लागते. एकाच गल्लीत छत्र्यांची तोंडे वेगवेगळी का, याचे उत्तर मुलांना असे देता येईल. आणखी एक गोष्ट. या छत्र्यांची रचना अशी असते की त्या दिसतात त्याहून बऱ्याच वर पाहत असतात. त्यामुळे समोरचे बुटके कुंपण अडत नाही, पण आग्नेयेचा उंच लिंब अडतो.

जागा योग्य आहे का हे पाहण्याची एक युक्ती सूर्यच देतो. जाफराबादहून पाहिले तर १२ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला, आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास अकराला पाच मिनिटे कमी असताना, सूर्य नेमका ९३.५ अंशांच्या उपग्रहामागे येतो. त्या वेळी जेथे ऊन पडते तेथून उपग्रह दिसतो. जेथे झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली असते तेथे छत्री बसवून उपयोग नाही. या दिवसांत सूर्याच्या स्वतःच्या लहरींमुळे चित्र काही मिनिटे जातेही. ते पाहून कोणी तंत्रज्ञ बोलावू नये, घड्याळ पाहावे! विद्यार्थ्यांना उपग्रहाची जागा डोळ्यांनी दाखवण्याची याहून चांगली संधी नाही. मात्र सूर्याकडे थेट पाहू देऊ नये, सावल्यांवरूनच काम करावे.

कुलूप आणि किल्ली

डिजिटल तंत्राने अंतर मिटवले. त्याच वेळी एक नवी गोष्ट आणली, ती म्हणजे कुलूप. आकडे झालेले चित्र गुप्त संकेतात बांधणे सोपे असते. पैसे भरणाऱ्याच्या डब्यातील कार्डालाच किल्ली मिळते. काठीच्या दिवसांत परवान्याचे पैसे पोस्टात भरत असत आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात तेही बंद झाले. लहर मात्र सर्वांना खुली होती. आता लहर प्रत्येक गच्चीवर पडते, पण उघडते काहींच्याच घरी.

आणखी अडचण अशी की एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीची लहर उघडत नाही. डबा कोणत्याही सेवेला चालावा अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली होती. तरीही ग्राहकाने कंपनी बदलली की जुना डबा बहुधा अडगळीतच जातो. आणि 'फुकट' या शब्दाचाही अर्थ नीट समजून घ्यावा. फ्री डिशवर कोणत्या खासगी वाहिन्या असतील हे लिलावाने ठरते. मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या मार्च २०१९ मध्ये तेथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. एका मालिकेसाठी छत्री घेणाऱ्याची निराशा होऊ शकते. दूरदर्शनच्या आणि शैक्षणिक वाहिन्यांसाठी घेणाऱ्याची होत नाही.

काठी निकामी झाली

२०११ च्या कायद्यातील दुरुस्तीने केबलही डिजिटल करणे सक्तीचे झाले. महानगरांत २०१२ मध्ये सुरू झालेले हे काम शेवटच्या टप्प्यात, ३१ मार्च २०१७ च्या मुदतीने, खेड्यांपर्यंत आले. केबलच्या घरातही डबा आला.

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरदर्शनने १६ शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रसारण सुरू केले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद ही दोन शहरे होती. ही सेवा शहर आणि त्याच्या आसपासपुरती होती, आणि ती घेण्यासाठी वेगळा डबा किंवा त्या सोयीचा टीव्ही लागे. जाफराबादपाशी पुन्हा तेच ८५–९० किलोमीटर आडवे आले. मनोऱ्यावरची डिजिटल लहरही सरळच जाते, आणि तिला 'थोडे थोडे दिसणे' ठाऊक नाही. दरम्यान जुने, मुंग्यांचे प्रसारण बंद होत गेले. २०२२ पर्यंत मोजके प्रक्षेपक सोडून देशातील बाकी सारे बंद झाले. काठ्या अजून काही घरांवर उभ्या आहेत, पण त्यांवर आता फक्त पाखरे बसतात.

हा सारा इतिहास केवळ करमणुकीचा आहे असे कोणी समजू नये. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर शेतावर, अशी अनेक घरांची स्थिती होती. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षी पीएम ई-विद्या योजनेत इयत्तावार एक याप्रमाणे १२ वाहिन्या जाहीर झाल्या, त्याही फ्री डिशवर. ज्या घरावर छत्री नीट बसलेली होती त्या घरी शाळा पोहोचली. ज्या घरी डबा अडगळीत होता, किंवा महिन्याचे पैसे संपल्याने तो बंद होता, तेथे ती पोहोचली नाही. साइटने १९७५ मध्ये जे स्वप्न पाहिले ते ४५ वर्षांनी एका साध्या डब्यावर येऊन थांबले होते.

मग घ्यावे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे वळू. तीन प्रश्न या क्रमाने विचारावेत.

पहिला, लहर कुठून येणार? जाफराबादसारख्या गावात मनोऱ्याची आशा धरू नये. जुन्या काठीवर पैसा घालू नये. विश्वासू केबलवाला असेल तर तार, नाही तर छत्री. इंटरनेटवरही टीव्ही दिसतो. मात्र दहा मुले दहा मोबाइलवर पाहतील तर दहापट माहिती खर्च होते. छत्रीला एक पाहिले काय आणि शंभर पाहिले काय, खर्च तोच.

दुसरा, लहर कोणत्या रूपात बांधलेली आहे? एमपेग–२ चा जुना डबा एमपेग–४ ची वाहिनी उलगडू शकत नाही. एमपेग–४ चा डबा मात्र दोन्ही उलगडतो. म्हणून नवा घेताना एमपेग–४ आणि डीव्हीबी–एस२ हे शब्द खोक्यावर आहेत का ते पाहावे. टीव्हीच नवा घ्यायचा असेल तर त्यात उपग्रहाचा ट्यूनर आतच आहे का ते विचारावे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये अशा संचांसाठी मानक ठरवले आहे. असा संच छत्रीला थेट जोडला की खुल्या वाहिन्या डब्याविना दिसतात. जुना, जाड काचेचा टीव्ही चालू असेल तर टाकून देऊ नये. पिवळ्या–लाल–पांढऱ्या तारांचे छिद्र असलेला डबा त्याला चालतो. मोठ्या वर्गात नवा पडदा घ्यावा, लहान वर्गाला जुना पुरेल.

तिसरा, कुलूप कोणाकडे? शाळेला शैक्षणिक वाहिन्या आणि सह्याद्री पाहिजे असेल तर महिन्याचे पैसे भरणारी जोडणी घेण्याची गरज नाही. फ्री डिशचा खर्च एकदाच, साधारण दीड–दोन हजार रुपये येतो. क्रिकेट आणि मालिका पाहायच्या असतील तर खासगी सेवा घ्यावी, पण वर्षाचा हिशेब करून घ्यावी. डब्याच्या किमतीपेक्षा बारा महिन्यांचे भाडे बहुधा जास्त भरते.

छत्री बसवताना जुन्या सवयीने भराभर फिरवू नये. साठ सेंटीमीटरच्या छत्रीची नजर अवघी तीन अंशांची असते आणि डब्याला लहर ओळखायला काही सेकंद लागतात. अंशभर वळवावी, थांबावे, पाहावे, मग पुढे जावे. नट घट्ट आवळावेत, तारेच्या जोडावर पाणी जाऊ देऊ नये, आणि विजांच्या दिवसांत तार काढून ठेवावी.

इतके पाहून झाल्यावर मग पडद्याचे इंच मोजावेत. आणि १२ मार्चला सकाळी सव्वाअकराला मुलांना घेऊन शाळेच्या गच्चीवर जावे. छत्रीवर ऊन आहे की सावली, एवढे पाहून खाली यावे. सावली असेल तर टीव्ही कितीही चांगला असो, आधी छत्री हलवावी.